रुग्ण शांत

नोकरीच्या पहिल्या दिवशी डॉक्टरांनी मला वॉर्डातल्या कोपऱ्यातल्या रिकाम्या खाटेवर निजायला सांगितलं. मी इंदूरहून नर्सिंग शिकून नुकतीच उज्जैनला घरी परतले होते, पांढरी साडी कडक इस्त्रीची होती, आणि वॉर्डात बारा पुरुष पेशंट माझ्याकडे बघत होते. मला वाटलं ऐकण्यात काही चूक झाली. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. मी निजले.

मग ते आणि वॉर्डातला जुना नोकर मांगीलाल माझ्या पायथ्याशी येऊन उभे राहिले आणि माझ्याबद्दल बोलू लागले. ही कुठून आली, असं त्यांनी विचारलं. मांगीलालने इंदूर सांगितलं. खोटं बोलत असेल, डॉक्टर म्हणाले, ह्या लोकांच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा नसतो, हिची पिशवी बघितली का? मांगीलालने माझी पिशवी सगळ्यांदेखत खाटेवर उलटी केली. रुमाल, कंगवा, पावडरचा डबा, आईने बांधून दिलेल्या दशम्या. घरचेच बिघडवतात, डॉक्टर म्हणाले, चेहरा बघा कसा आहे.

मी उठून बसले आणि रडायला लागले. तेव्हा त्यांनी बगलेतली लाकडी तिपाई खाली ठेवली, तिच्यावर बसले आणि माझी माफी मागितली.

"नव्या माणसाला मी हे एकदा करतो," ते म्हणाले. "ह्या बारा जणांशी लोक रोज असं बोलतात. घरात, दुकानात, इस्पितळात. तुम्हाला तर पाच मिनिटंही झाली नाहीत."

घरी जाऊन मी आईला सांगितलं की उद्यापासून मी जाणार नाही. आईला आनंदच झाला. अफू खाणाऱ्या माणसांच्यात पोरीने काम करावं हे तिला पहिल्यापासून पसंत नव्हतं. पण माझे वडील, अण्णा, म्हणाले की वकीलकाकांनी शब्द टाकून ही जागा मिळवून दिली, आता त्यांना काय तोंड दाखवायचं. वकीलकाका म्हणजे आमच्या घरी रोज येणारे, अण्णांचे मित्र, आणि आमचं केंद्र चालवणाऱ्या कमिटीचे चिटणीस. त्यांच्यासाठी मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

मध्यभारत राज्य तेव्हा अजून होतं. अफूची दुकानं हळूहळू बंद करायचं सरकारने ठरवलं होतं. खाणाऱ्यांची नावं नोंदून त्यांना कार्डं दिली होती आणि कार्डावरचा माल वर्षावर्षाने कमी होत होता. माळव्यात अफू ही काही चोरून खायची गोष्ट नव्हती. लग्नात पाहुण्यांपुढे येत होती, म्हाताऱ्यांच्या कंबरदुखीवर चालत होती, रडणाऱ्या मुलांना चाटवली जात होती. आता ती सगळी माणसं करणार काय, म्हणून शहरातल्या चार भल्या लोकांनी कमिटी करून देवास गेटच्या मागे एका जुन्या सराईच्या इमारतीत हे केंद्र काढलं होतं. डॉक्टर त्याचे प्रमुख. वय साठीच्या आसपास, अंगाने वाळलेले, एकटे. त्यांचं घराणं संस्थानच्या दप्तरात पिढ्यान्पिढ्या नोकरीला होतं, आणि ते स्वतः संस्थानच्या तुरुंगात डॉक्टर होते.

वॉर्डाला दार नव्हतं. पूर्वी होतं, डॉक्टरांनी आल्याबरोबर सगळी दारं बिजागऱ्यांतून काढून अंगणात भिंतीला लावून ठेवली होती. आणि दार नसलेल्या त्या चौकटीवर ते रोज सकाळी बोटाने टकटक करायचे आणि विचारायचे, "आऊँ क्या?" आतून कुणीतरी आओ म्हटल्याशिवाय पाऊल टाकायचे नाहीत. चपला बाहेर. मलाही तसंच करावं लागे. हे लोकांचं घर आहे, असं ते म्हणत, आपण इथे पगारावर आलेली माणसं. एकदा कमिटीतले एक सेठजी बूट घालून सरळ आत आले, तर डॉक्टरांनी त्यांना हात धरून परत बाहेर नेलं आणि चौकटीवर टकटक करायला लावली. आतून पेशंट ओरडले, अभी नहीं. सेठजी पाच मिनिटं उन्हात उभे होते.

पेशंटशी उभ्याने बोलायचं नाही, हा त्यांचा दुसरा नियम. म्हणून ती तिपाई. ती सदैव बगलेत. डॉक्टर बाजारातून जाताना मुलं हसायची. पेशंट दिसला की ते रस्त्यात तिपाई ठेवून बसायचे आणि त्यालाही कुठेतरी टेकायला लावायचे. तिसऱ्या दिवशी, जेव्हा माणसाचं अंग मोडून येतं, नाका-डोळ्यांतून पाणी गळतं आणि त्याला पळून जावंसं वाटतं, त्या दिवशी ते स्वतः त्याची दाढी करायचे. अर्धा अर्धा तास लावायचे. न्हाव्याला का बोलवत नाही, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, गळ्यावर वस्तरा असला की माणूस पळत नाही, आणि दाढी झाली की त्याला वाटतं आपल्याला कुठेतरी जायचंय. हे ते गमतीत म्हणाले की खरंच, मला कळलं नाही. त्यांच्या बाबतीत मला ते कधीच कळायचं नाही.

अफू ते एकदम तोडत नसत. रोज गव्हाच्या दाण्याइतकी कमी करत, आणि कोणत्या दिवशी कमी करायची हे पेशंटला विचारत. आज नको म्हणाला तर आज नाही. अशाने एकेक माणूस दोन दोन महिने राहायचा. बायका, मुलं केव्हाही येऊन बसायची, तिथेच चूल मांडून रांधायची. सुटून गेलेला माणूस पुन्हा अफू खायला लागला आणि मान खाली घालून परत आला, तर डॉक्टर मांगीलालला पोहे-जिलबी आणायला पाठवायचे आणि सगळ्या वॉर्डाला खिलवायचे. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी विचारलंच. बिघडून आलेल्याला जिलबी? ते म्हणाले, "आला ना. मेला असता तर कुठून आला असता?"

ते कधी ओरडत नसत. राग आला की मराठी सोडून हिंदी बोलायचे, आणि फार राग आला की त्या हिंदीत इतकी अदब यायची की समोरच्याला घाम फुटायचा.

वकीलकाकांना हे सगळं परवडत नव्हतं. ते वाईट माणूस नव्हते, हे मला आजही लिहावंसं वाटतं. पण राज्यं मोडून नवा मध्यप्रदेश होणार हे ठरलं होतं, सगळं भोपाळला जाणार होतं, आणि त्याआधी मोठे अधिकारी केंद्र बघायला येणार होते. किती जण सुटले, असं ते विचारणार. डॉक्टरांच्या रजिस्टरात 'बरा झाला' असा रकानाच नव्हता. त्यांनी तो खोडून तिथे 'शेवटी कधी भेटलो' असं लिहिलं होतं, आणि त्यापुढे तारखा. सुटलेल्या माणसांच्या घरी ते पायी जात, पार खेड्यांपर्यंत, आणि तारीख मांडत. ह्या तारखा घेऊन अधिकाऱ्यांना काय दाखवू, असं काका अण्णांजवळ कुरकुरायचे.

त्याच दिवसांत भेरूलाल आला. मिलमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम होता, आता साठीला टेकलेला, सांधेदुखीवर म्हणून वीस वर्षं अफू खाणारा. त्याला कुणी आणलं नव्हतं, आपल्या पायांनी आला होता. त्याची मुलगी बाळंतपणाला घरी आली होती. नात रडायची थांबेना म्हणून बायकोने त्याच्याच डबीतली चिमूट तिला चाटवली, आणि पोर दुसऱ्या दिवसापर्यंत उठलीच नाही. डोळे उघडेना, दूध ओढेना. मग वाचली. पण भेरूलाल सांगत होता की ती निपचित पडलेली असताना त्याने स्वतःची सकाळची गोळी खाल्ली. आधी गोळी खाल्ली, मग वैद्याकडे धावला. हे सांगताना तो आपल्या हाताकडे बघत होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा हात होता. डॉक्टर तिपाईवर बसून ऐकत होते. 

भेरूलाल येऊन चार दिवस झाले असतील, तोच डॉक्टरांचे थोरले भाऊ नाशिकला वारल्याची तार आली. तेराव्यापर्यंत राहावं लागणार होतं. ते गेले, आणि दोनच दिवसांत वकीलकाका एका नव्या डॉक्टरांना घेऊन आले. तरुण, हुशार, स्वच्छ कपड्यांतले. त्यांची पद्धत सोपी होती. अफू एकदम बंद, माणूस खोलीत बंद, भेटी बंद. तीन-चार दिवस आरडाओरडा करतो, मग संपलं. उलट्या होतात म्हणून पाणी चमच्याने, तेही तासा-दोन तासांनी.

वॉर्डाला दार नव्हतं, पण कोठाराला होतं. धान्य आणि औषधं तिथे असत म्हणून डॉक्टरांनी तेवढं ठेवलं होतं. कोठार रिकामं करून भेरूलालला त्यात ठेवलं. तोच का, तर तो अजून पुऱ्या मापाच्या अफूवर होता आणि स्वतःहून हो म्हणाला. जल्दी छूट जाऊँ तो अच्छा, असं म्हणाला. किल्ली वकीलकाकांनी माझ्या हातात दिली. तू घरची मुलगी आहेस, तुझ्यावर विश्वास आहे, म्हणाले.

मी ताला लावला.

पहिल्या दिवशी तो ओरडला. दुसऱ्या दिवशी उलट्या, जुलाब. मी साफ करत होते, चमच्याने पाणी देत होते. तो चमचा दातांत धरून ठेवायचा, सोडायचा नाही. "बेन, थोड़ो और," म्हणायचा. मी इंदूरला कॉलऱ्याच्या वॉर्डात काम केलेलं होतं. अंगातलं पाणी गेलं की माणसाचे डोळे कसे आत जातात, चिमटीत धरलेली कातडी कशी तशीच उभी राहते, हे मला पाठ होतं. ते सगळं मी भेरूलालच्या अंगावर बघितलं. नव्या डॉक्टरांना मी म्हटलंही, पाणी जास्त देऊ का. ते हसून म्हणाले की तुमचं मन हळवं आहे, ह्यांची नाटकं असतात. मी चमचा धुऊन ठेवला.

त्याची बायको रुक्माबाई फाटकाशी यायची. भेटी बंद आहेत, असं मी तिला दोनदा सांगितलं. ती मान हलवून बाजूला व्हायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो गप्प झाला. मी दाराला कान लावला. ओरडणं नाही, विव्हळणं नाही. मला बरं वाटलं. खरं ते लिहिते, मला फार बरं वाटलं. मी टेबलाशी जाऊन रजिस्टरात लिहिलं, 'रुग्ण शांत', आणि दोन दिवसांनी पहिल्यांदा पोटभर जेवले.

चारला दार उघडलं तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. हात लावताच कळलं.

वकीलकाका आले, नवे डॉक्टर आले. हृदय बंद पडलं, असं लिहिलं गेलं. म्हाताऱ्या माणसाचं होतं असं. गाडी करून त्याला घरी पोचवलं, काका स्वतः बरोबर गेले, रुक्माबाईपुढे हात जोडून उभे राहिले. मला त्यांनी घरी सोडलं आणि आईला सांगितलं की पोर घाबरलीय, तिला दूध द्या.

डॉक्टरांना कार्य आटोपून परत यायला आणखी आठवडा लागला. सकाळी चौकटीवर टकटक झाली. आतून कुणीच आओ म्हणालं नाही. ते बराच वेळ बाहेर उभे राहिले. मग मांगीलालने बाहेर जाऊन त्यांना सांगितलं.

त्यांनी रजिस्टर मागवलं. माझ्यासमोर तिपाई ठेवून बसले, मला खुर्ची दिली, आणि पान उघडलं. 'रुग्ण शांत' ह्या शब्दांवर त्यांचं बोट थांबलं. शेवटचं पाणी किती वाजता दिलं, असं विचारलं. मी सांगितलं. अकराला. एक चमचा.

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"होतं."

"मग?"

नव्या साहेबांनी सांगितलं होतं, मी म्हटलं. त्यांनी रजिस्टर मिटलं. मग स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाले की तुरुंगात असताना त्यांनी अशी सात माणसं बघितली होती. कोठडीत टाकलं की अफू आपोआप सुटते, असं तिथेही म्हणत. "म्हणून दारं काढली. आणि एक राहू दिलं, गहू चोरीला जातील म्हणून."

मग ते हिंदीत बोलले. "आप मेरे साथ चलने की कृपा करेंगी?"

भेरूलालचं घर नानाखेड्याकडे होतं. तेव्हा तिकडे शेतंच होती. आम्ही पायी गेलो. मला वाटलं सांत्वनाला चाललोय. मनात मी चार वाक्यं जुळवत होते.

रुक्माबाई ओसरीवर गहू निवडत होती. मुलगी आत होती, नात गोधडीवर हातपाय हलवत होती. डॉक्टरांनी तिपाई ठेवली नाही. पहिल्यांदाच ते कुणाशी तरी जमिनीवर बसून बोलले.

"बाई, तुम्हारे आदमी को दिल की बीमारी नहीं थी," ते म्हणाले. "हमने मारा है. वो पानी माँगता रहा, हमने नहीं दिया. मैं यहाँ नहीं था, वो भी मेरी ग़लती है."

 असं कुणी बोलतं का? डॉक्टर पेशंटच्या विधवेला असं सांगतो का? मी त्यांच्याकडे बघत राहिले. मनात एवढंच की हे थांबावं, ह्यांनी ही वाक्यं परत घ्यावी.

रुक्माबाईचे हात सुपात थांबले. तिने विचारलं, "ताला किसने लगाया था?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी उत्तर दिलं असतं तर मी आयुष्यभर त्यांची ऋणी राहिले असते. 

"मैंने," मी म्हटलं.

ती मला ओळखत होतीच. तिने सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "कंई केतो थो?" काय म्हणत होता.

मी सांगितलं. पाणी मागत होता, आणि रुकमा, रुकमा म्हणत होता.

"मैं तो वहीं थी," ती म्हणाली. "तीन दिन. फाटक के बाहर, नीम के नीचे. मेरे पास पानी था."

ती रडली नाही. आतून मुलीचा हुंदका आला, आणि गोधडीवरची नात रडायला लागली. डॉक्टरांनी दोन्ही हात जमिनीवर टेकले होते, आणि ते तसेच राहिले. मी उठून पळत शेताच्या बांधापर्यंत गेले.

त्यानंतर डॉक्टरांनी जे केलं त्याने आमचं घर हादरलं. त्यांनी सगळा प्रकार लिहून वर पाठवला. पहिलं नाव स्वतःचं, मग वकीलकाकांचं, नव्या डॉक्टरांचं, आणि चौथं माझं. मला माहीत असूनही मी पाणी दिलं नाही, हे तसंच्या तसं लिहिलं. त्याची नक्कल डॉक्टरांनी आमच्या घरी पाठवली, ती अण्णांनी वाचली आणि दोन दिवस जेवले नाहीत. ह्या माणसाला पोरीच्या लग्नाची काही पर्वा आहे का, असं आई म्हणत होती. वकीलकाका आमच्याकडे यायचे बंद झाले. कमिटीने डॉक्टरांना काढून टाकलं. मी राजीनामा दिला.

चौकशी झालीच नाही. राज्य मोडलं, ग्वाल्हेरची, इंदूरची दप्तरं गाड्या भरभरून भोपाळला गेली, आणि त्या कागदाचं काय झालं ते कुणालाच सांगता आलं नाही. अण्णांनी देवापुढे नारळ फोडला. मला आठवतं, मीही हात जोडले.

पण झोप गेली होती. आणि राग होता, सगळा डॉक्टरांवर. त्यांनी मला का नाही वाचवलं? चार ओळी कमी लिहिल्या असत्या तर काय बिघडलं असतं? सहा-सात महिन्यांनी हेच विचारायला मी माधव नगरात त्यांच्या भाड्याच्या घरी गेले. केंद्र सुटल्यावर त्यांनी तिथेच दोन खोल्यांत पेशंट ठेवायला सुरुवात केली होती, असं ऐकलं होतं.

ते ओट्यावर एका खाटेची सुतळी आवळत होते. मला बघून त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. मी उभ्याउभ्याच विचारलं. त्यांनी सुतळी सोडली नाही.

"तुमचं नाव गाळलं असतं," ते म्हणाले, "तर मग तुम्ही तिथे नव्हत्याच, असं झालं असतं. आणि तुम्ही होत्या. त्याच्याजवळ शेवटी तुम्हीच होत्या." मग सुतळीला गाठ मारत, "तुम्ही पेशंटला बघू शकता, सिस्टर. बघूनच तर तुम्ही विचारलं होतं, पाणी जास्त देऊ का. दुसऱ्या कुणी तेवढंही विचारलं नाही. मांगीलालने मला सांगितलं, आणि तेही मी लिहिलं होतं. तुमच्या अण्णांनी तुम्हाला ते वाचून दाखवलं नाही वाटतं."

अण्णांनी वाचून दाखवलं नव्हतं.  त्यांनी हाताने आतल्या खोलीकडे खूण केली आणि पुन्हा सुतळीला लागले.

आत खाटेवर एक मिल-कामगार होता, तिशीचा असेल, गुडघे पोटाशी घेऊन थरथरत होता. त्याच्या उशाशी जमिनीवर रुक्माबाई बसली होती, त्याचा हात तिच्या हातात होता. ती तिथे काय करतेय हे मला समजेना. मी परत फिरणार होते. नंतर मांगीलालने मला सांगितलं की ती गेले चार महिने रोज येत होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. कोई तो बैठे, एवढंच ती म्हणाली होती.

तिने वर बघितलं. ओळख दाखवली नाही, आणि रागही दाखवला नाही. थोडी सरकली आणि तिच्या शेजारी जागा झाली.

"बैठ," ती म्हणाली. "इसका हाथ पकड़. मैं रोटी बना लूँ."

मी बसले. त्या माणसाचा हात घामाने ओला आणि थंड होता, आणि त्याने माझी बोटं इतकी आवळली की दुखायला लागली. चुलीवर तव्याचा आवाज येत होता. ती परत आली तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं, आणि ती उठ म्हणाली तरी मी उठले नाही.